राजुऱ्याचा हरियल : शिव्या देणाऱ्या पोपटाच्या तक्रारीचं प्रकरण

ऑगस्ट २०१५ची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा पोलीस ठाण्यात एक आजी तक्रार घेऊन आल्या. वय पंच्याऐंशीच्या घरातलं. सावत्र मुलाशी मालमत्तेवरून त्यांचा दोन वर्षांपासून वाद चालला होता. मुलाकडे पाळलेला पोपट होता, नाव हरियल. (हरियल म्हणजे खरं तर आपला राज्यपक्षी, हिरवं कबूतर. पण पाळीव पक्ष्याला नाव ठेवताना पक्षिशास्त्र कोण बघतो!) आजींचं म्हणणं असं की, मी त्या घरावरून जाऊ लागले की हा पोपट मला घाणेरड्या शिव्या देतो, आणि त्या त्याला मुलानंच पढवल्यात.

पोलिसांनी तक्रार हसण्यावारी नेली नाही. आजी, मुलगा आणि पोपट, तिघांनाही ठाण्यात बोलावून घेतलं. हरियलला आजींसमोर आणलं आणि वाट पाहिली. हरियल एक शब्द बोलला नाही. आम्ही नीट लक्ष ठेवून होतो, पण तक्रारदार समोर असूनही त्यानं तोंड उघडलं नाही, अशा अर्थाचं पोलीस निरीक्षकांनी पत्रकारांना सांगितलं. पोपट वन विभागाच्या ताब्यात देण्यात आला.

आपल्याकडच्या गुन्हेवार्तेत एक वाक्य ठरलेलं असतं: खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला. राजुऱ्यात खराखुरा पोपट ठाण्यात आला आणि त्याची दातखीळ बसली. बातमी बीबीसीपर्यंत गेली, लोक पोट धरून हसले.

हसावं, त्याला हरकत नाही. पण पक्षी पाळणाऱ्यांनी आणि पाळू पाहणाऱ्यांनी हे प्रकरण जरा खालपर्यंत खणून बघावं असं मला वाटतं. ठाण्यात त्या दिवशी तपासला गेला तो प्रश्न, म्हणजे पोपट शिव्या देतो की नाही, तिथे सुटण्यासारखा नव्हताच. आणि ज्याला कसलाही पुरावा लागत नव्हता ती गोष्ट, म्हणजे घरात पोपट पिंजऱ्यात असणं, ही कुणाचीच तक्रार नव्हती. दोन माणसांचं भांडण पोपटापर्यंत येऊन ठेपलं म्हणून कायद्याची नजर त्याच्याकडे वळली.

गप्प बसलेला साक्षीदार

घाबरलेला पोपट कसा दिसतो हे एकदा नीट बघितलं की राजुऱ्यात काय झालं असेल हे सांगायला पक्षितज्ज्ञ लागत नाही. एरवी दांडीवर फुगून बसलेला, एक पाय पोटात घेतलेला पक्षी नव्या खोलीत आणला की एकदम बारीक होतो. पिसं अंगाला चापून चिकटतात, मान वर ताणली जाते, दोन्ही पाय दांडीला घट्ट. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात सरकतो आणि तिथून एका डोळ्यानं खोली न्याहाळत राहतो. बुबुळाची काळी बाहुली लहानमोठी होत असते. समोर पेरूची फोड धरली तरी चोच लावत नाही. ससाणा किंवा शिक्रा डोक्यावर असताना झाडावरचे पोपट हेच करतात. पानांत हिरवं होऊन जायचं आणि आवाज काढायचा नाही. खाकीतली अनोळखी माणसं, वायरलेसची खरखर, सगळ्यांचे डोळे आपल्यावर: पोपटाच्या हिशेबात हा ससाणाच.

पाळलेले पोपट बोलतात ते निवांत असताना. सकाळी उजाडल्यावर, दिवेलागणीला, किंवा घरची माणसं दुसऱ्या खोलीत असताना त्यांना हाक मारायला. घर बदललं की बोलके पोपटसुद्धा कित्येक दिवस मुके होतात. पाहुणे आले की मालक पिंजऱ्यापुढे उभा राहून ‘बोल रे विठू, विठू विठू बोल’ म्हणून घसा कोरडा करतो, विठू ढिम्म, आणि पाहुणे चपला घालून जिना उतरायला लागले की मागून ‘विठू विठू’ सुरू. मालकाचा पोपट होतो तो असा.

म्हणजे हरियल गप्प बसला यावरून आजी खोटं बोलत होत्या असंही ठरत नाही आणि मुलगा निर्दोष होता असंही नाही. ती चाचणी दोन्ही बाजूंना निरुपयोगी होती. पोलिसांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या पुस्तकात पोपटाच्या जबानीचं प्रकरण नसतं.

खरंच तपासायचं असतं तर पोपटाला जागेवरून हलवायचं नव्हतं. घराच्या ओट्यावर, त्याच्या नेहमीच्या जागी, एखादा मोबाइल रेकॉर्डिंगला लावून दोनचार दिवस ठेवायचा. दिवसातून काही वेळा आजींनी समोरून जायचं, काही वेळा त्याच वयाच्या, तशाच लुगड्यातल्या दुसऱ्या बाईंनी. काही फेऱ्यांना मुलगा घरात, काही फेऱ्यांना बाहेर. मग ते आवाज अशा माणसाला ऐकवायचे ज्याला या भांडणाची गंधवार्ता नाही आणि विचारायचं, काय ऐकू येतं? शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. आपल्या कंठवाल्या पोपटाचा आवाज बारीक, चिरका आणि घाईचा. घरच्यांना जे स्वच्छ ‘सीताराम’ ऐकू येतं ते परक्याला नुसतं चिरचिरणं वाटतं. काय ऐकायचं हे आधी मनात असेल तर कान उरलेलं भरून काढतो. दोन वर्षांच्या भांडणानंतर त्या घरातून येणाऱ्या कुठल्या आवाजात शिवी ऐकू येईल, हे मनावरही अवलंबून असतं. आजींना खोटं पाडण्यासाठी मी हे म्हणत नाही. पोपटाच्या बोलण्याबद्दलचा कुठलाही दावा, कौतुकाचा असो की तक्रारीचा, तपासायचा तो असा.

शिव्या शिकवाव्या लागत नाहीत

आता दुसरी बाजू. समजा पोपट खरंच शिव्या देत होता. मग मुलानं पढवल्या हे ओघानंच येतं का? नाही येत.

पोपटाला आपल्यासारखं स्वरयंत्र नसतं. श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे त्याचं आवाजाचं इंद्रिय असतं, आणि जाड, लवचिक जीभ हलवून तो त्या आवाजाला आकार देतो. मिरची चारली की जीभ सुटते हा समज मात्र खोटा. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, म्हणून तर तो ती पेरूसारखी खातो. खरी गंमत मेंदूत आहे. गाणाऱ्या पक्ष्यांच्या आणि हमिंगबर्डच्या मेंदूतही आवाज शिकण्याची केंद्रं असतात, पण पोपटांत त्या प्रत्येक केंद्राभोवती आणखी एक वेढा आहे. मुक्ता चक्रवर्ती आणि एरिक जार्विस यांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून हे संशोधन प्रसिद्ध केलं ते जून २०१५मध्ये. राजुऱ्याची बातमी त्यानंतर दोन महिन्यांनी आली. पोपट इतकी हुबेहूब नक्कल करतो ती या जादा वेढ्याच्या जोरावर, असा त्यांचा कयास.

पण नक्कल करायची कशासाठी? पोपट थव्यात राहतो, आणि थव्यात तुम्ही कुणाचे हे आवाजावरून ठरतं. व्हेनेझुएलातल्या एका छोट्या पोपटाच्या जातीत आईबाप ढोलीतल्या प्रत्येक पिल्लाला निराळी हाक देतात, ती पिल्लं पुढे तीच हाक थोडी बदलून आपली म्हणून वापरतात. कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी हे २०११मध्ये दाखवलं. आपल्याकडचा पोपट पिल्लू असताना ढोलीतून काढला जातो आणि माणसांत येतो, तेव्हा त्याच्यापुरता थवा म्हणजे ते घर. थव्याची बोली शिकायची, हे त्याचं एकच काम. आता त्या घरात सगळ्यात ठासून, सगळ्यात मोठ्यानं, सगळ्यात जीव ओतून काय बोललं जातं? ‘चहा झाला का’ हे कुणी जीव ओतून म्हणत नाही.

इथे ॲलेक्सची आठवण येते. अमेरिकन संशोधक आयरिन पेपरबर्ग यांनी १९७७मध्ये शिकागोजवळच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेला हा आफ्रिकन राखी पोपट २००७मध्ये वारला तेव्हा त्याला शंभराहून जास्त शब्द येत होते. तो वस्तूचा रंग, आकार, कशाची बनलीय हे सांगायचा, सहापर्यंत मोजायचा, ‘सारखं काय’ आणि ‘वेगळं काय’ यातला फरक करायचा. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला शिकवलं कसं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. पोपटापुढे शब्द घोकून उपयोग होत नाही हे पेपरबर्गना माहीत होतं. म्हणून त्यांनी डिटमार टोट या जर्मन संशोधकाची रीत उचलली. पोपटासमोर दोन माणसं. एक वस्तू हातात धरून विचारतो, हे काय? दुसरा उत्तर देतो. बरोबर आलं तर वस्तू त्याच्या हाती, कौतुक. चुकलं तर वस्तू काढून घ्यायची, वर रागावायचं. पोपट हे नुसतं बघत असतो. दुसरा माणूस त्याच्यासाठी नमुनाही असतो आणि स्पर्धकही. काही वेळानं पोपट स्वतः मध्ये तोंड घालतो.

ही रीत वाचताना मला राहून राहून घरगुती भांडण दिसतं. दोन माणसं समोरासमोर. आलटून पालटून बोलणं. डोळ्यांत डोळे, आवाज चढलेला, ठरावीक शब्दांवर ठरावीक जोर, आणि प्रत्येक शब्दाचा लगेच दिसणारा परिणाम. प्रयोगशाळेत जे घडवून आणायला माणसं नेमावी लागतात ते दोन वर्षं मालमत्तेवर भांडणाऱ्या घरात रोज फुकट होतं. त्या घरातला पोपट शिव्या शिकला नाही, तरच मला नवल वाटलं असतं.

शिकलेला शब्द टिकतो तो प्रतिसादावर. इंग्लंडमधल्या लिंकनशर वाइल्डलाइफ पार्कमध्ये ऑगस्ट २०२०मध्ये पाच राखी पोपट वेगवेगळ्या घरांतून एकाच आठवड्यात आले. विलगीकरणाच्या नियमानं त्यांना एका खोलीत ठेवलं. बाहेर काढले तर पाचही येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिव्या देऊ लागले. लोक हसले, की पोपट आणखी चेकाळणार. एक शिवी देई, दुसरा हसे, माणसाच्या हसण्याची हुबेहूब नक्कल करून. पार्कनं त्यांना मोठ्या कळपांत वाटून टाकलं. पुढे २०२४च्या सुरुवातीला आणखी तिघांची भर पडली, तेव्हा या आठही जणांना सरळ नव्वदेक सभ्य पोपटांत सोडून पाहायचं ठरलं. उपाय शास्त्राला धरून आहे: चांगली संगत, हसणारे प्रेक्षक कमी. उलट सगळा थवाच शिव्या शिकेल, ही भीतीही पार्कवाल्यांनी उघड बोलून दाखवली होती.

राहिला आजींचा नेमका आरोप: मी दिसले की देतो. यात अशक्य काही नाही. फोन वाजला की ‘हॅलो’, दार उघडलं की ‘कोण आहे’ म्हणणारे पोपट अनेक घरांत आहेत. ठरावीक माणूस आणि ठरावीक आवाज यांची गाठ पोपट सहज बांधतो. आजी दिसल्या की घरातून कुणी ना कुणी ते शब्द बोलत असेल, किंवा पोपटानं ते बोलल्यावर ओट्यावर हशा पिकत असेल, तर गाठ घट्ट व्हायला वेळ लागत नाही. मुद्दाम पढवणं आणि पढेल अशी परिस्थिती मजेत चालू ठेवणं, यांतली रेघ फार बारीक आहे. पोपटाच्या चोचीतून ती दिसत नाही.

शिव्यांचा अर्थ त्याला कळतो का, हे लोक हमखास विचारतात. अर्थ नाही, पण परिणाम कळतो. हा शब्द टाकला की म्हातारं माणूस थांबतं, वळतं, बोलतं. एकट्या पक्ष्याला एवढं पुरे.

मालमत्तेच्या वादातली एक निर्विवाद मालमत्ता

कायद्याकडे येऊ. पोपट आरोपी होऊ शकत नाही, तसाच साक्षीदारही होऊ शकत नाही. तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम ११८ साक्ष देण्याची पात्रता ‘व्यक्तीं’पुरती ठेवत होतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम १२४ तेच सांगतं. आग्र्यात २०१४ साली एका घरात खून झाला, तेव्हा एका नातेवाइकाचं नाव निघालं की घरातला पोपट अस्वस्थ होतो हे पाहून घरच्यांना संशय आला. पोलिसांनी त्या नातेवाइकाला धरलं आणि २०२३मध्ये न्यायालयानं जन्मठेप सुनावली. शिक्षा झाली ती इतर पुराव्यांवर. पोपट वाट दाखवू शकतो, पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही. म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. दुसरा पिंजरा त्याच्या नशिबी असतोच.

त्या दुसऱ्या पिंजऱ्याबद्दल कायदा अगदी स्वच्छ आहे. घरोघरी दिसणारा, गळ्याशी गुलाबी-काळा कंठ असलेला हिरवा पोपट, थोराड आणि खांद्यावर तांबडा डाग असलेला पहाडी पोपट, जांभळट डोक्याचा तोईपोपट, हे सगळे भारतीय वन्य पक्षी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे त्यांना पकडणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. देशी पक्ष्यांचा व्यापार तर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून पूर्ण बंद आहे. २०१५ साली कंठवाला पोपट या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता. २०२२च्या दुरुस्तीनं अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि तो दुसऱ्या अनुसूचीत गेला. तुरुंगवासाची कमाल मुदत तीन वर्षं तीच राहिली, दंडाची मर्यादा २५ हजारांवरून एक लाखावर गेली.

कलम ३९ तर वाचण्यासारखं आहे. कायदा मोडून बाळगलेला वन्य प्राणी राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. म्हणजे राजुऱ्याच्या त्या घरात मालमत्तेवरून दोन वर्षं रण माजलं होतं, आणि जिच्या मालकीबद्दल काडीचीही शंका नव्हती अशी एक मालमत्ता दांडीवर बसून होती. मालक: महाराष्ट्र शासन.

‘आमच्या आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे पोपट असतो’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. परंपरा आहेच. अंगणातला पिंजरा, त्यात तांब्याची वाटी, भिजवलेली हरभरा डाळ, पोपटानं म्हटलेलं ‘राम राम’, सगळं खरं. पण त्या पिंजऱ्यातला पोपट येतो कुठून, एवढं विचारलं की परंपरेचा सूर जरा खाली येतो. कंठवाला पोपट झाडाच्या ढोलीत घरटं करतो, साधारण जानेवारी ते एप्रिल. चार-पाच अंडी, तीन आठवडे उबवण, मग सहा-सात आठवडे पिल्लं आत. पिसं फुटू लागलेली पिल्लं काढायला कुणी झाडावर चढतो, ढोलीचं तोंड लहान असेल तर कोयत्यानं मोठं करतो. पिल्लं गेली ती गेली, पण ढोलीही गेली. पोपटाला स्वतःला ढोली कोरता येत नाही, सुतारपक्ष्यानं सोडलेली किंवा लाकूड कुजून झालेली त्याला वापरावी लागते. मग टोपल्यांत, कापडी पिशव्यांत भरून पिल्लं गावोगाव. वाटेत किती मरतात याचा हिशेब ठेवणारं कुणी नसतं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये वर्षानुवर्षं छापे पडतात आणि पोपट जप्त होतात, त्यामागचा माल हाच.

‘आमचा तर उडत आला, आम्ही फक्त ठेवला.’ हेही नेहमीचं. माणसाच्या खांद्यावर येऊन बसणारा पोपट जंगलातून आलेला नसतो, तो दुसऱ्याच्या पिंजऱ्यातून सुटलेला असतो. कायद्याला त्यानं फरक पडत नाही.

मग परदेशी पाळावा का? बजरी, ज्याला आपले दुकानदार खुशाल ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा खरा लव्हबर्ड यांना कसली नोंदणी लागत नाही. राखी पोपट, मकाव, काकाकुवा, सन कॉन्युर हे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, पिल्लं झाली किंवा पक्षी मेला तरी कळवावं लागतं. राखी पोपटाचा जंगलातला पकडव्यापार इतका बेसुमार झाला की २०१६मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत त्याला सर्वांत कडक यादीत टाकलं गेलं.

कागद पुरे असले तरी माझं मत कुणी विचारलं, तर नोकरीला जाणाऱ्या दोघांच्या फ्लॅटमध्ये एकटा राखी पोपट ठेवू नये. दिवसाचे दहा तास त्याला थवाच नाही. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगतो. कंटाळला की आधी ओरडतो, मग एकच हालचाल तासन्‌तास करत राहतो, मग स्वतःच्या छातीची पिसं उपटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी पिंजऱ्यातल्या ॲमेझॉन पोपटांवर दाखवलं की, खाणं शोधायला, सोलायला, उलगडायला लावलं तर ही पिसं उपटण्याची खोड बरीच कमी होते. म्हणजे वाटीत सूर्यफुलाच्या बिया ओतून निघून जाणं हे त्याच्या आजाराचं कारण, लाड नव्हे. नुसत्या सूर्यफुलानं यकृतावर चरबी चढते, अ जीवनसत्त्व कमी पडून टाळ्यावर आणि नाकपुड्यांत बिघाड होतो. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, पेरू, कणसाचं तुकडं: हे रोज. ॲव्होकाडो आणि चॉकलेट कधीच नाही. आणि स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा फार तापवला तर त्याच्या धुरानं शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, हे विकणारा सांगत नाही.

ताब्यात गेल्यावर

हरियल वन विभागाकडे गेला तिथे बातमी संपली, पण पोपटाचं प्रकरण तिथे संपत नसतं. ‘जंगलात सोडून द्या’ हे आपल्या तोंडात बसलेलं उत्तर. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पोपट पिंजऱ्याचं दार उघडून झाडावर सोडला तर दोनतीन दिवसांत कावळ्यांच्या किंवा मांजराच्या तोंडी जातो, नाहीतर उपाशी राहतो. आधी त्याला वेगळा ठेवून तपासावं लागतं. राणीखेत हा पक्ष्यांचा रोग आणि पोपटांकडून माणसालाही होणारा सिटॅकोसिस, दोन्हीची शंका धरून चालावं लागतं. पंख कापलेले असतील तर कापलेलं पीस वाढत नाही. ते गळून नवं यावं लागतं, त्याला वर्षही लागतं. तोवर छातीचे स्नायू लुळे पडलेले. मोठ्या उडाण-पिंजऱ्यात इतर पोपटांबरोबर ठेवून ते पुन्हा भरावे लागतात. चिंच, बाभळीच्या शेंगा, उंबर, मोहाची फुलं हे खाणं आहे हेही त्याला शिकावं लागतं, आणि इथे थव्यातले बाकीचे त्याचे मास्तर. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर अशाच वन्यजीवांच्या उपचारासाठी आहे.

सगळ्यात अवघड बोलक्यांचं. ज्याला माणूसच आपला थवा वाटतो तो सोडल्यावर पुन्हा पहिल्या दिसलेल्या ओट्यावर उतरतो आणि ‘चहा दे’ म्हणतो. ओट्यावरचा माणूस खूश होऊन त्याला नवा पिंजरा आणतो. असा पक्षी बऱ्याचदा सोडताच येत नाही. आयुष्यभर केंद्रातच, निदान चार पोपटांच्या संगतीत, एवढंच त्याच्यासाठी करता येतं.

घरात असा पोपट असेल तर गॅलरीतून उडवून देऊ नका. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. पक्षी सोपवताना तो किती वर्षं तुमच्याकडे आहे, पिल्लू असताना आला की मोठा, काय खातो, पंख कधी कापले होते, कधी उडाला आहे का, हे लिहून द्या. बोलतो का, कोणते शब्द, कुणाला पाहून, तेही लिहा. माणसात किती मुरलाय आणि कुणाच्या शेजारी ठेवायचा, हे त्यावरून ठरतं. शब्द शिव्या असल्या तरी लाजून गाळू नका. केंद्रातल्या बाकीच्या पोपटांचे कान लगेच टवकारलेले असतात.